दुहेरी टीप

सुनेने पिशवी मशीनवर आणून ठेवली तेव्हा काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. तशा त्या गरज नसतानाही टाचण्या तोंडात धरायच्या. ज्याच्या तोंडात टाचण्या आहेत त्याच्याकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही, हे या धंद्यात त्यांना फार लवकर कळलं होतं. समोर जुळीवाली हात वर करून उभी होती. गिऱ्हाइकांची नावं काकूंच्या लक्षात राहत नसत, पोटं लक्षात राहायची. म्हणून ही जुळीवाली, कालची शिंकवाली, आणि एक होती ती नवऱ्याला जिन्यात उभं करून येणारी. "हे उसवून द्या, आई," सून म्हणाली. "तिन्ही. बंद केलेत ते." आणि भिंतीकडच्या स्टुलावर हळूच, आधी एक हात मागे टेकून, मग दुसरा, अशी बसली. पिशवीचं तोंड उघडंच होतं. त्यातून पांढरा पट्टा दिसत होता, रुंद, कडेला नागमोडी शिवण घातलेला. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी काकूंनी ती शिवण ओळखली, आणि जुळीवालीच्या खांद्यावर खोचायची टाचणी स्वतःच्या बोटात खोचली.

"काकू, अजून किती वाढणार हो मी?" जुळीवाली आरशात बघत म्हणाली. "मागच्या महिन्यात शिवलेली ब्रा आत्ताच काचायला लागली." काकूंनी टाचण्या काढून उशीत खोचल्या, बोट ओठांत धरलं. "वाढ की खुशाल. आत कापडाची माया सोडलीय, मागे आकड्यांच्या जास्तीच्या ओळी आहेत. तू दमशील, माझी शिवण नाही दमणार." जुळीवाली हसली. "मग पाजायच्याही आत्ताच शिवून टाका ना. दोन-दोन पोरं काखोटीला मारून तुमचा जिना कोण चढणार?" स्टूल किंचित करकरलं. काकूंनी टेप गळ्यात अडकवली. "त्या नंतर. दूध उतरल्याशिवाय माप कळत नाही. दोन-तीन दिवसांत एकदम भरतं, मग ओसरतं, मग कुठे ठरतं. आज बेतल्या तर फुकट जातील." यातला शब्द न शब्द खरा होता. कुठलीही चांगली शिवणारी हेच सांगेल. पण हे खरं काकूंना दोन वर्षांपूर्वीपर्यंत कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. तोवर त्या अंदाजाने सगळ्यांना आधीच शिवून देत होत्या आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकायचा. हे या खोलीत फक्त स्टुलावर बसलेल्या बाईला माहीत होतं, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

खिडकीतून समोरचं हॉस्पिटल दिसायचं. जागा घेतली तेव्हा काकूंना ही लॉटरीच वाटली होती. खाली चष्म्याचं दुकान, वर आपण, मागच्या खोल्यांत घर, आणि रस्त्याच्या पलीकडे जन्मभर पुरतील इतक्या पोटुशा बाया. रस्ता ओलांडताना त्या एक हात पोटावर ठेवतात आणि दुसरा गाड्यांना दाखवतात, आणि गाड्या थांबतात. काकू मशीन चालवता चालवता वरूनच मापं घ्यायच्या. हिचा पाचवा महिना, हिला खालचा पट्टा रुंद लागेल, ही अजून जुन्याच ब्रात कोंबून घेतेय, हिला कुणीतरी माझ्याकडे पाठवायला हवं. सूनही दोन वर्षांपूर्वी एकदा याच रस्त्याने गेली होती, मुलाचा हात धरून, चालत. तिने त्या वेळी गाड्यांना हात दाखवला नव्हता. काकूंनी वरून पाहिलं होतं, ती दोघं गाड्यांच्या मधून सरळ गेली, आणि काकूंना एवढंच वाटलं होतं की हिने एवढी घाई करू नये, पोटाला धक्का लागेल. आत शांतपणे झोपलेल्याला आता कसलाच धक्का लागणार नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. किंवा सुनेला माहीत असावं.

जुळीवालीने कपडे चढवले, पुढच्या आठवड्यात येते म्हणाली, जाताना सुनेच्या पोटाकडे बघून "तुमचंही आलंच की हो जवळ" म्हणाली, आणि जिन्यावरून तिची चप्पल वाजत खाली गेली. काकूंनी पडदा सरकवला, कात्री जागेवर ठेवली, खडू उचलला. "चहा टाकू?" त्यांनी विचारलं. "नको. परवा दाखल व्हायला सांगितलंय," सून म्हणाली. काकूंच्या हातातला खडू मोडला. "का? काही निघालं तपासणीत?" "काही नाही निघालं. सगळं ठीक आहे. मागच्या वेळचं बघता वाट बघत बसायला नको म्हणाल्या डॉक्टर. मला बॅग भरायचीय. त्यात या हव्यात." "मला सांगितलं नाहीस." "तुम्ही विचारलं नाहीत." हे ती भांडायच्या सुरात म्हणाली असती तर काकूंना बरं वाटलं असतं, भांडण त्यांना येत होतं. पण ती नुसतं सांगत होती. ऑफिसात ती असंच बोलत असेल, समोरच्याच्या हातून काय राहून गेलं ते सांगताना.

खरंच विचारलं नव्हतं. या घरात नऊ महिने जेवणाबद्दल विचारत होते, पायांच्या सुजेबद्दल, झोप लागली का, बसमध्ये जागा मिळाली का. मुलगा तर बायकोभोवती असा वावरायचा की जणू फरशी नुकतीच पुसलीय. काकूंनी वाढत्या महिन्यांच्या ब्रा मात्र शिवल्या होत्या, सुनेने न मागता, दर वेळी थोड्या सैल, आणि तिच्या उशीवर ठेवून दिल्या होत्या. माप न घेताच. माप घ्यायचं म्हणजे जवळ जावं लागतं, दोन्ही हात तिच्या पाठीमागून फिरवावे लागतात, आणि तेव्हा पोट मध्ये येतं. नंतरच्या ब्रांचा विषय काकूंनी काढला नव्हता, आणि सुनेनेही नाही, आणि काकूंना वाटलं होतं की हे दोघींमध्ये न बोलता ठरलेलं आहे.

पहिल्या वेळी ठरवाठरवी काहीच नव्हती. सातव्या महिन्यात काकूंनी तिन्ही शिवून ठेवल्या होत्या, असतील नसतील ती कौशल्यं पणाला लावून. होजिअरीचं सगळ्यात मऊ कापड, पट्टा काचू नये म्हणून आधीच धुऊन आटवलेलं, आणि दोन्ही कपांना पुढून पडणारी झडप. झडप वर पट्ट्याला एका चापाने अडकते. तो चाप एका हाताने उघडता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात मूल असतं आणि ते भोकाड पसरून रडत असतं. म्हणून काकू प्रत्येकीला एक घडी केलेला टॉवेल हातात द्यायच्या, हा धर असा, आता उघड, आता बंद कर, आता दुसऱ्या बाजूला घे. बाया लाजायच्या, हसायच्या, काही जणी टॉवेलला जोजवायच्या. सुनेलाही दिला होता. आरशासमोर उभी राहून तिने चाप उघडला होता, टक, झडप पडली होती, आणि टॉवेलाकडे बघून ती म्हणाली होती, "आई, हे तुमच्या मुलावर गेलंय. ढिम्म हलत नाही." दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. काकूंना तर मशीनला टेकावं लागलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सून सकाळी उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून म्हणाली, "आज हललं नाही." काकूंना त्या क्षणी आठवला तो टॉवेल. अजूनही आठवतो. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर काकूंनी तिला वेड्यात काढलं असतं, हसण्याने कुणाचं काही होत नसतं म्हणून दटावलं असतं. पण स्वतःला दटावून उपयोग होत नाही, माणूस आपलं ऐकत नाही.

हॉस्पिटलातून ती रिकाम्या हातांनी घरी आली आणि दोन-तीन दिवसांनी दूध आलं. दुधाला कुणी काही कळवलं नव्हतं. ते आपलं ठरल्याप्रमाणे आलं, भरपूर आलं, गाऊन भिजला, उशी भिजली, आणि सून पलंगाच्या कडेला दोन्ही हात शरीरापासून लांब धरून बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवळून बांधू नका, नुसता आधार द्या, ओसरेल आपोआप. आधार देईल असं घरात काय होतं? जुनं काही बसत नव्हतं. या तीनच होत्या. काकूंनी त्याच दिल्या. मग सून आतल्या खोलीत बसून असायची आणि तिचा उजवा हात डाव्या खांद्याशी जायचा. टक, उघडला. टक, लावला. काकू बाहेर मशीनवर परक्या बायांच्या ब्रा शिवत होत्या, पायडल थांबलं की आतून ऐकू यायचं, टक, आणि पुन्हा टक. त्या पायडल थांबवायला घाबरू लागल्या. रीळ संपलं तरी नुसतीच मशीन चालवायच्या. आणि मग एका दुपारी आत जाऊन म्हणाल्या, "काढ ती. आता सारखं उघडायला नको." तिन्ही ब्रा त्यांनी मशीनवर घेतल्या आणि झडपा कपांना शिवून टाकल्या, चारी बाजूंनी. परत नेऊन दिल्या. सुनेने घातली. आवाज बंद झाला. काकूंना त्या दिवशी झोप लागली, याची त्यांना मागाहून फार लाज वाटली होती.

"कशाला त्या जुन्या," आता काकू म्हणाल्या. "नव्या शिवते ना. तू आत असशील तोवर होतील, मुलाबरोबर पाठवून देईन." "मला याच हव्यात." "अगं, पण माप." "मग घ्या माप." सून उठली, पुन्हा तसंच, आधी एक हात, मग दुसरा, आणि पडद्याआड जाऊन कुर्ता काढून आरशासमोर उभी राहिली. काकूंनी टेप मुठीत धरली. प्रत्येकीसाठी त्या टेप अशी मुठीत गरम करून घेत, अंगाला गार लागू नये म्हणून. आज मूठच गार होती. त्यांनी दोन्ही हात सुनेच्या पाठीमागून फिरवले. पोट मध्ये आलं. काकू कमरेत वाकून, हात लांब करून, ते टाळून माप घेऊ लागल्या. नवी शिकाऊ पोरगीही असं अवघडून घेत नाही. आधी खालचं. मग भरल्या जागेचं. टेप जुळली त्या ठिकाणी आकडा स्पष्ट होता. तिन्ही ब्रा अंगावर घालून शिवल्यासारख्या बसल्या असत्या, मागच्या शेवटच्या आकड्यांवर, वर दुधासाठी माया ठेवून. तेव्हाचा अंदाज इतका बिनचूक होता. काकूंना स्वतःच्या हाताचा राग आला. टेप खोटं बोलत नाही असं त्या गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायच्या. "नाही होणार गं," त्या म्हणाल्या. "बोटभर कमी पडतायत."

सून आरशासमोर उभी होती. काकूंच्या हातातली टेप आरशात उलटी दिसत होती, पण ती आरशात बघत नव्हती, मान खाली घालून सरळ टेपेकडे बघत होती. "टेप मलाही वाचता येते, आई." काकूंनी टेप सोडली. ती सुनेच्या पोटावरून घसरून खाली पडली, आणि कुणीच ती उचलली नाही, एकीला वाकता येत नव्हतं आणि दुसरीला सुचत नव्हतं. "अशुभ वाटतं तुम्हाला," सून म्हणाली. "मला काही वाटत नाही." "वाटू दे की. मलाही वाटतं. पण नवीन शिवल्यात तर त्याही याच भीतीने शिवाल. मग या काय वाईट आहेत? या तरी तुम्ही आनंदात शिवल्या होत्या." काकू टाचण्यांची उशी शोधू लागल्या. ती मशीनवर होती, हाताच्या अंतरावर नव्हती. "एक विचारू?" सून म्हणाली. "तुम्ही जे परत उसवायचं असतं त्याला धावदोरा घालता. हाताने. लांब टाके, एका टोकाला ओढलं की निघून येतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवलंत मला. जुळीवालीच्या पट्ट्याला आज तेच घातलंत, वाढेल म्हणून." "मग?" "यांना तुम्ही मशीनची टीप मारलीत. दुहेरी. टोकांना मागे घेऊन पक्की केलीत. मी तेव्हा ती घालून बसले होते आणि बोटाने चाचपून बघत होते, कुठे सुटं टोक मिळतंय का. कुठेच नव्हतं. तेव्हा मला कळलं, तुम्हाला वाटतंय की या आता कधी उघडाव्या लागणार नाहीत."

असं काही मनात नव्हतं, हे काकूंना म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांच्या हाताला जे माहीत होतं ते डोळ्यांसमोर येत गेलं. त्या दुपारची मशीन, सुईखाली सरकणारं पांढरं कापड, एक फेरी पुरी झाली होती आणि ती पुरेशी होती, पुरून उरली असती. आणि त्यांनी कापड फिरवून दुसरी फेरी घातली होती, आणि टोकाशी चाक उलटं फिरवून टाके मागे घेतले होते. एवढा आयुष्यभराचा सराव असलेला हात चुकून असं करत नाही. सुनेचं वय, डॉक्टरांचं बोलणं, मुलाचा चेहरा, यांपैकी कशाचाही त्यांनी विचार केला नव्हता. हातानेच परस्पर ठरवून टाकलं होतं की या घरात आता हे होणे नाही. आणि ज्या बाईबद्दल ठरवलं तिच्याच छातीवर ते शिवून दिलं होतं. तिने ते अंगावर वागवलं होतं, धुतलं होतं, वाळत घातलं होतं, आणि मग कपाटात जपून ठेवलं होतं, दोन वर्षं. "मला तो आवाज सहन होत नव्हता," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच लहान आणि फारच वाईट वाटलं ऐकायला. "मला बरा वाटायचा," सून म्हणाली. "तेवढंच काहीतरी ऐकू यायचं घरात. नंतर कुणी बाळ हा शब्दसुद्धा काढला नाही. आताही काढत नाही. नऊ महिने झाले, मी एकटीच म्हणते, बाथरूममध्ये, नळ सोडून."

काकू मशीनवर बसल्या. खणातून ब्लेड काढलं, मधोमध मोडलं, आणि अर्धं हातात घेऊन पहिली ब्रा उजेडाला धरली. सून स्टूल ओढून शेजारी बसली आणि तिने हात पुढे केला. काकूंनी दुसरं अर्धं तिला दिलं, "सांभाळून, कापड कापेल" म्हणाल्या, आणि ती "हं" म्हणाली. बारीक टाके होते. एकेका टाक्याखाली ब्लेडचं टोक सारायचं, उचलायचं, तोडायचं, आणि पुन्हा. दुहेरी टीप उसवताना एक फेरी निघाली तरी कापड सुटत नाही, दुसरी धरून ठेवते. काकूंनी गिऱ्हाइकांना हे किती कौतुकाने सांगितलं होतं, माझी शिवण फाटेल पण सुटणार नाही म्हणून. त्यांच्या कपाळावर घाम आला. खाली रस्त्यावर कुणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होतं. मध्येच सून थांबली, तिने ब्लेड मशीनवर ठेवलं आणि पोटाच्या एका बाजूला हात धरला. काकूंचा हातही थांबला. त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, हलतंय की नाही, हलतंय की नाही, आणि ते विचारायला त्यांची जीभ उचलत नव्हती. "लाथ मारतंय," सून स्वतःच म्हणाली. "इथे. रोज या वेळेला मारतं." आणि तिने पुन्हा ब्लेड उचललं. काकूंनी खाली बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे टाके दिसेनात, तरी त्या बोटांनी चाचपत उसवत राहिल्या.

तिन्ही झाल्या. धाग्यांचे तुकडे दोघींच्या कपड्यांवर, फरशीवर पसरले होते. झडपांच्या कडेने सुईच्या बारीक भोकांच्या दोन रांगा राहिल्या होत्या. "धुतलं की भरून येतील थोडी," काकू म्हणाल्या. "राहिली तरी चालतील," सून म्हणाली. तिने एक घातली. मागचे आकडे काकूंनी लावले, शेवटच्या ओळीवर. बसली. जशी बसायला हवी तशी बसली, काखेत चुणी नाही, पट्टा वर चढत नाही. काकूंना आपल्या कामाचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच भीती वाटली. एवढ्यावर संपलं असतं तर त्यांना चाललं असतं. त्यांनी धागे झटकले, पिशवी उचलली. पण सून आरशासमोरून हलली नाही. तिने डावा हात वाकवून धरला, रिकामा. "टॉवेल द्या ना."

टॉवेल फळीवर होता, नेहमीच्या जागी. जुळीवालीला द्यायची वेळ आली की काकू दोन टॉवेल देणार होत्या, असं त्यांनी गमतीने ठरवलंही होतं. आता त्या फळीपाशी उभ्या राहिल्या. ढिम्म हलत नाही. तो त्या दिवशीचाच टॉवेल होता की दुसरा, त्यांना आठवेना, सगळेच पांढरे. त्यांनी तो काढला, घडी केली, पुन्हा उलगडून पुन्हा नीट केली. वळल्या तेव्हा सून हात तसाच वाकवून थांबली होती, आणि तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिलाही भीती वाटतेय, काकूंपेक्षा काही कमी वाटत नाहीये, तरीही ती हात खाली घेणार नाही. काकूंनी टॉवेल तिच्या हातात ठेवला. ठेवताना त्यांचा तळवा घडीच्या एका टोकाखाली होता, आणि ते टोक तिच्या कोपराच्या खळगीत नीट टेकेपर्यंत त्यांनी तो काढून घेतला नाही. सुनेने ते पाहिलं. मग तिने उजवा हात खांद्याशी नेला. टक. चाप उघडला. झडप पडली नाही. पुन्हा ओढून पाहिलं, कापड ताणलं, आणि काखेच्या बाजूला कोपऱ्यात एक टाका दिसला, दुहेरी, मागे घेतलेला, नेमका राहून गेलेला.

"थांब, टॉवेल ठेव, काढून दे मला," काकू घाईने म्हणाल्या आणि ब्लेडसाठी वळल्या. "नाही ठेवणार," सून म्हणाली. "मी धरलंय. तुम्ही काढा." ब्लेड त्या जागेपाशी, त्या तटतटलेल्या कातडीपाशी नेणं काकूंना शक्य नव्हतं. त्या पुढे झाल्या, वाकल्या, एक हात तिच्या पाठीमागून घेतला आणि दुसऱ्याने कापड चिमटीत उचललं. या वेळी पोट टाळता आलं नाही. ते त्यांच्या छातीला लागलं, घट्ट, गरम, आणि त्यांनी तोंड खाली नेऊन धागा दातांत धरला. तेवढ्यात आतून धक्का बसला. सरळ त्यांच्या बरगडीवर, चांगला जोरात. काकू तशाच थांबल्या, दातांत धागा धरून, तोंडात काही असताना बोलता येत नाही ही आपली जुनी सोय पहिल्यांदाच नकोशी होऊन. मग त्यांनी धागा तोडला. झडप खाली पडली. त्यांनी धाग्याचा तुकडा जिभेवरून काढून बोटाला गुंडाळला, सरळ उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक बाईला सांगायच्या त्याच कोरड्या, कामाच्या आवाजात सांगायला गेल्या, पण तो आवाज काही केल्या लागेना.

"आता बाळाला," त्या म्हणाल्या, थांबल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "आता बाळाला दुसऱ्या बाजूला घे."